इराणमधल्या कैदी कार्यकर्तीसाठी पुण्यातून निवेदन : शिक्षेची वर्षं, यूएनचा अर्ज, तुरुंगातली पत्रं

कट्टा_कोथरूड

इराणमध्ये ‘राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध’च्या कलमांखाली तुरुंगात असलेल्या एका कार्यकर्तीसाठी आमच्या वाचनकट्ट्याला निवेदन आणि चार पानी मराठी पत्रक काढायचं आहे. नाव इथे मुद्दाम देत नाही.

एका बातमीत शिक्षा ६ वर्षं आहे, दुसरीत ५. खरी कोणती धरायची? अटक त्यांच्या पंचांगाप्रमाणे ५ बहमन १४०२ ची. कच्च्या प्रतीत आम्ही २५ जानेवारी २०२३ लिहिलंय, बरोबर ना? यूएनकडे साध्या माणसांना तक्रार करता येते, की ती सरकारमार्फतच जाते? तुरुंगात मराठीतून पत्रं चालतील का?

शिवाय बालगंधर्व चौकात तासभर फलक घेऊन उभं राहायचं म्हणतोय. पुण्यात शिकणाऱ्या इराणी मुलामुलींनाही बोलवावं असं काहींचं म्हणणं आहे. एका सभासदांचा मुलगा दुबईत नोकरीला आहे, त्याने ऑनलाइन सही करावी की नाही यावरून वेगळाच वाद.

फारसीवाचक

तारीख चुकली आहे. छपाई थांबवा.

इराणी वर्ष नवरोजला, म्हणजे २०-२१ मार्चला सुरू होतं. नवरोज ते डिसेंबरअखेर त्यांच्या आकड्यात ६२१ मिळवायचे, जानेवारी ते नवरोज ६२२. बहमन जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून १४०२ अधिक ६२२. अटक २५ जानेवारी २०२४ ची. कच्च्या कैदेचं एक अख्खं वर्ष तुम्ही फुकट वाढवलं होतंत, आणि अशी एक चूक सापडली की पुढची चार पानं कुणी मनावर घेत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. तिथे नेहमी लागणारी कलमं अशी: ५०० म्हणजे ‘व्यवस्थेविरुद्ध प्रचार’, ३ महिने ते १ वर्ष. ६१० म्हणजे ‘सुरक्षेविरुद्ध जमाव व संगनमत’, २ ते ५ वर्षं. ४९९ म्हणजे सुरक्षेला धोका ठरवलेल्या गटाचं सभासदत्व, ३ महिने ते ५ वर्षं. ४९८ म्हणजे असा गट स्थापणं, २ ते १० वर्षं. तुमच्या बातम्यांत बहुधा ६१० ची ५ आणि ५०० चं १ आहे. एकीने बेरीज दिली, दुसरीने भोगायची शिक्षा. कारण २०१३ च्या दंडसंहितेच्या कलम १३४ प्रमाणे अनेक गुन्ह्यांत प्रत्येकाची शिक्षा वेगळी सुनावतात, पण अमलात येते ती सगळ्यांत मोठी एकच.

इराणी मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदी यांची २०१६ ची शिक्षा याच गणिताची: फाशीविरोधी गट चालवल्याबद्दल १०, संगनमताबद्दल ५, प्रचाराबद्दल १. बेरीज १६, भोगायची १०. मराठी बातम्यांत दोन्ही आकडे फिरतात आणि वाचकाला वाटतं की सहा वर्षं माफ झाली. माफी वगैरे काही नसतं त्यात.

हेच कलम उलटंही फिरतं. तीनपेक्षा जास्त आरोप असले की न्यायाधीशाला कमाल मर्यादेच्या वर जाता येतं. २०१९ मध्ये मानवी हक्कांच्या वकील नसरीन सुतुदेह यांना एकूण ३८ वर्षं आणि १४८ फटके सुनावले. त्यातली सगळ्यांत मोठी शिक्षा १२ वर्षांची, आणि ती सुरक्षेच्या कलमाखाली नव्हतीच, ‘भ्रष्टाचार व वेश्यावृत्तीला उत्तेजन’ या आरोपाखाली होती. हिजाबसक्तीला विरोध केल्याचं ते कायदेशीर भाषांतर! म्हणून ‘सुरक्षेचा खटला’ एवढंच ऐकून थांबू नका. प्रत्येक आरोपासमोर कलम, वर्षं आणि कोणत्या कायद्याचं कलम, अशा तीन रकान्यांचा तक्ता करा. तिसरा रकाना यासाठी, की वकिलाबाबतचं कलम ४८ हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं आहे, दंडसंहितेतलं नाही. त्याची ‘तबसरा’, म्हणजे पुरवणी टीप, सांगते की सुरक्षेच्या गुन्ह्यांत तपास चालू असताना आरोपीने न्यायसंस्थेच्या प्रमुखांनी मान्य केलेल्या यादीतलाच वकील घ्यायचा. २०१८ मध्ये तेहरान प्रांतासाठी अशी यादी निघाली, तीत २० नावं होती. ‘वकील’ हा शब्द त्यांचा आणि आपला एकच, पण पत्रकात ‘वकील दिला होता’ लिहिण्यापूर्वी तो कुणी निवडला हे विचारा.

दस्तऐवज

यूएनबद्दल. सरकारमार्फत जावं लागत नाही. तुमच्या कामाचे रस्ते दोन.

पहिला, यूएनचा मनमानी स्थानबद्धतेवरचा, म्हणजे बेकायदा कैदेच्या तक्रारी तपासणारा कार्यगट. १९९१ पासून आहे, पाच सदस्यांचा. देशातली सगळी अपिलं संपलेली असण्याची अट नाही, आणि त्या देशाने अमुक करार मान्य केलेला असण्याचीही नाही. इराणबाबत हेच महत्त्वाचं, कारण नागरी व राजकीय हक्कांचा करार इराणने १९७५ मध्ये स्वीकारला असला तरी वैयक्तिक तक्रारींची मुभा देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. म्हणजे त्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार नेता येत नाही. चीनने मूळ करारावर १९९८ मध्ये नुसती सही करून ठेवलीय, तरी तुरुंगात असलेले चिनी लेखक लिउ शियाओबो यांच्याबाबत याच कार्यगटाने २०११ मध्ये मत दिलं होतं. अर्थात ते २०१७ मध्ये मरेपर्यंत कैदेतच राहिले. मत बंधनकारक नसतं, हे सभासदांना आधीच सांगा.

अर्ज इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. मुख्य मजकूर २० पानांच्या आत, पुरावे वेगळे जोडायचे. ठरलेली प्रश्नावली आहे: अटक कधी, कुठे, कोणत्या यंत्रणेने केली, वॉरंट दाखवलं का, आरोप कधी कळवले, न्यायाधीशासमोर कधी नेलं, वकील कधी भेटला. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात, ते मुदतवाढ मागू शकतं, आणि उत्तर आलं की ते तुमच्याकडे टिप्पणीसाठी येतं. इथे बरेच जण झोपतात. अर्ज करणारा ईमेल बघत नाही आणि सरकारचं म्हणणं खोडून न काढता तसंच फायलीत राहतं. एक माणूस त्याच कामाला नेमा.

अर्ज ढेपाळतो तो विशेषणांनी. ‘क्रूर राजवट’, ‘निष्पाप रणरागिणी’ हे पत्रकात काय लिहायचं ते लिहा. अर्जात ‘१७ दिवस एकांत कोठडी, त्या काळात घरी एक फोन’ अशी वाक्यं हवीत, प्रत्येक वाक्यापुढे ती माहिती कुणाकडून आली हेही.

दुसरा रस्ता विशेष प्रतिवेदकांचा, म्हणजे एकेका विषयासाठी यूएनने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांचा. मानवी हक्क रक्षकांसाठी वेगळे प्रतिवेदक असतात; २०२० मध्ये त्या पदावर मेरी लॉलर आल्या. औषध बंद केलंय, तब्येत ढासळतेय अशा तातडीच्या प्रसंगी हा रस्ता वेगाचा. मात्र हे प्रतिवेदक सरकारला जे पत्र पाठवतात ते साधारण ६० दिवसांनी जाहीर होतं, कैद्याच्या नावासकट. तक्रार करणाऱ्याचं नाव दोन्ही रस्त्यांनी गुप्त राहतं, कैद्याचं सरकारला कळवावंच लागतं. म्हणून घरच्यांची संमती आधी घ्या, लेखी मिळाली तर उत्तम.

टपाल_सिटीपोस्ट

मराठीतून पत्र लिहू नका. जी लिपी सेन्सॉरला वाचता येत नाही ते पाकीट बाजूला पडतं. फारसीत तीन-चार ओळी, जाणकाराकडून तपासून. लिफाफ्यापेक्षा पोस्टकार्ड बरं, उघडून बघण्यासारखं त्यात काही राहत नाही. मजकुरात खटला, न्यायाधीश, निदर्शनं यातलं काही नको. पर्वतीवरून दिसणारा पाऊस चालेल. पाठवणाऱ्याचा पत्ता घरचा देऊ नका, संस्थेचा द्या.

पत्ता टाकण्याआधी ती आत्ता नेमकी कुठे आहे ते विचारा. २३ जून २०२५ ला तेहरानच्या एविन तुरुंगावर इस्रायलचा हल्ला झाला, त्यानंतर तिथल्या स्त्री कैद्यांना कर्चकच्या तुरुंगात हलवलं होतं. लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टातून नीट सुटलेलं पत्रही जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं.

पैसे मात्र परस्पर पाठवू नका, अगदी औषधालासुद्धा. बेलारूसचे मानवी हक्क कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की यांना २०११ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीची. संस्थेच्या कामाचे पैसे परदेशातल्या खात्यांत होते आणि लिथुआनिया-पोलंडने त्या खात्यांची माहिती बेलारूस सरकारला पुरवली होती. मदत करणाऱ्या देशांकडूनच हे झालं. तुमचे पाच हजार रुपये उद्या ‘परकीय निधी’ म्हणून आरोपपत्रात दिसू शकतात.

साधा_हिशेब

दुबईवाल्या मुलाने सही करू नये. यात भित्रेपणाचा प्रश्न येतो कुठे? तिथे २०२२ पासून अफवा व सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा लागू आहे, आणि त्याच्या आधीचा २०१२ चा कायदाही कमी नव्हता. तिथलेच मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना मार्च २०१७ मध्ये पकडलं आणि मे २०१८ मध्ये १० वर्षं नि १० लाख दिरहम दंड ठोठावला. आरोप काय, तर समाजमाध्यमांवरून देशाची ‘प्रतिष्ठा’ आणि त्याच्या प्रतीकांची मानहानी. परवान्याशिवाय ऑनलाइन देणगी गोळा करणंही तिथे गुन्हा आहे, तेव्हा त्याने वर्गणीची लिंकही पुढे पाठवू नये. वडिलांनी पुण्यातून खुशाल सही करावी, मुलाला टॅग करू नये.

इराणी विद्यार्थ्यांना तुम्ही बोलावूच नका. त्यांचे पासपोर्ट त्यांच्याच वकिलातीतून नूतनीकरण होतात, घरचे तिकडे आहेत. चौकातला एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की तुम्ही घरी जाऊन चहा पिता, निस्तरावं त्यांना लागतं. कुणी आपणहून आलं तर त्याला कॅमेऱ्याच्या मागे उभं करा.

दस्तऐवज

एक जोड. चौकात उभं राहण्याचा बेतही आधी घरच्यांना सांगा. काही कुटुंबांना गाजावाजा हवा असतो, काहींची आत जामिनाची किंवा वैद्यकीय रजेची बोलणी चालू असतात आणि त्या आठवड्यात परदेशातला फलक नको असतो. ते ठरवतील.

कट्टा_कोथरूड

तारीख दुरुस्त केली, छपाई थांबवली, विद्यार्थ्यांचा विषय बंद. घरच्यांशी संपर्क झालाय. एक अडचण: निकालपत्राची प्रत त्यांच्याकडे नाहीच. वकिलांना ते फक्त वाचायला दिलं, त्यांनी हाताने टिपून घेतलं. मग अर्जाला जोडायचं काय?

दस्तऐवज

तेच जोडायचं. टिपणाचा फोटो, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि वर एक वाक्य: ‘निकालाची प्रत देण्यात आली नाही, अमुक तारखेला वकिलांनी न्यायालयात वाचून हे टिपून घेतलं.’ वकिलाचं नाव फोटोतून झाकायचं की नाही हे त्यांनाच विचारा. प्रत नाकारणं हा न्याय्य सुनावणीच्या उल्लंघनाचा मुद्दा आहे, कार्यगटाने मनमानी कैदेचे जे पाच वर्ग केलेत त्यांतल्या तिसऱ्यात बसतो, तेव्हा तो तळटीपेत लपवू नका, स्वतंत्र परिच्छेद करा. अपिलाची मुदत निकाल कळवल्यापासून २० दिवसांची असते, म्हणून ‘वाचून घेतलं’ ती तारीख आणि ‘कळवलं’ ती तारीख वेगळ्या असतील तर दोन्ही द्या, इराणी पंचांगातल्याही. आणि या वेळी बेरीज दोघांकडून तपासून घ्या.