अनुभव धागा : फ्रेंचमधून आपली माणसं

'एत्र' (असणे) आणि 'आव्हुआर' (जवळ असणे) या क्रियापदांचे वर्तमानकाळाचे तक्ते पाठ होतात, पण घरच्या माणसाबद्दल लिहायला बसलं की पेन अडतं. सोलापुरात फ्रेंच शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत. सुरुवात मी करते.

माझी आजी विड्या वळते. तिच्याबद्दल लिहिताना लक्षात आलं, की उंची आणि स्वभाव 'एल ए'ने (ती आहे) सांगायचा; पण वय, केस, डोळे 'एल आ'ने (तिच्याकडे आहे). फ्रेंच माणसाकडे वर्षंसुद्धा 'असतात'. मग तिचं काम : 'एल रूल दे बिडी', ती विड्या वळते. वळते आणि वळतेय, दोन्हींना हे एकच रूप चालतं, याचा मला फार आधार वाटला.

शिक्षिका, जुळे सोलापूर
मुलं आजोबांबद्दल लिहितात तेव्हा हमखास 'इल सों ग्राँ' (ते सगळे उंच आहेत) येतं. मनात 'आजोबा उंच आहेत' असतं ना! आपलं आदरार्थी बहुवचन फ्रेंचमध्ये थेट नेलं, तर वाचणाऱ्याला अनेक आजोबा दिसतात. तिथे एका माणसाला 'इल ए'च (तो आहे). मी तक्त्याआधी हेच शिकवते, आणि तेच योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. दुसरी सवय लिंगाची. 'बोलतो', 'बोलते' यातून आपल्याला माणूस कळतो. फ्रेंचमध्ये 'इल पार्ल', 'एल पार्ल', क्रियापद तेच. बदलतं ते विशेषण : तो 'ग्राँ', ती 'ग्राँद'. म्हणून लिहून झालं की विशेषणांवरून पुन्हा नजर फिरवायला लावते. (समोर बोलताना मात्र बहुतेक फ्रेंच घरांत आजोबांनाही 'त्यू'च (तू) म्हणतात. मुलांना हे ऐकून धक्का बसतो.)

बारावीचा विद्यार्थी, पूर्व भाग
घरी तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे कान तयार आहे असं वाटायचं. पण मी, तू, तो, ते या चौघांसाठी 'पार्ल' (बोलणे) ऐकू येतं सारखंच; लिहिताना मात्र मी आणि तो यांचं रूप एकच, तू आणि ते यांची शेवटची अक्षरं वेगळी. मित्राला वाचायला सांगून ऐकून लिहितो, त्याने फरक पडला. 'इल सों' म्हणजे ते आहेत, 'इल झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे. सगळा अर्थ त्या एका झ वर.

नोकरी सांभाळून शिकणारी, सात रस्ता
घरची माणसं संपली की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर लिहा. फ्रेंचमध्ये चरित्र वर्तमानकाळात सांगायची पद्धत आहे. 1910 मध्ये सोलापुरात जन्मतात, 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातात, चिनी शिकतात, 1942 मध्ये तिथेच मरण पावतात. 'नेत्र', 'पार्तिर', 'आप्रांद्र', 'मूरिर' ही अवघड क्रियापदं यात ओळीने येतात. भूतकाळाचा धडा सुरू होण्याआधीच मला आपल्या गावच्या माणसाचं अख्खं आयुष्य लिहिता आलं.