वेबमास्टर, वेबमास्तर की संकेतस्थळ-व्यवस्थापक?

गिरगावकर
एका सार्वजनिक न्यासाचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला मराठीत नेमणूकपत्र द्यायचं आहे. इंग्रजी मसुद्यात ‘वेबमास्टर’ आहे. मराठीसाठी तीन पर्याय पुढे आलेत: वेबसाइट प्रशासक, संकेत स्थळ संचालक, संकेत स्थळ व्यवस्थापक. कुठला घ्यावा? आणि पदनामाखाली कामं कोणती लिहावीत?

मोडीवाचक
प्रशासक नको. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. गृहनिर्माण संस्थेतली भांडणं हाताबाहेर गेली की निबंधक प्रशासक नेमतात. मुंबईकराच्या कानाला प्रशासक म्हणजे समिती गेल्यावर तिच्या खुर्चीत बसलेला माणूस. तुमच्या विश्वस्तांना पत्र वाचूनच घाम फुटायचा. सॉफ्टवेअरमधल्या ‘ॲडमिन’ खात्याला खुशाल प्रशासक म्हणा, तिथे तो शब्द फक्त अधिकाराची पातळी सांगतो.

संचालक म्हटलं की कंपनीचा डायरेक्टर डोळ्यांपुढे येतो. आणि नुसतं ‘चालक’ लिहिलंत तर पुढे ‘-मालक’ आपोआप वाचलं जाईल, टेम्पोच्या पाठीवरचं.

जाता जाता, ‘संकेतस्थळ’ हा जुनाच शब्द आहे. संस्कृत काव्यातली अभिसारिका ठरल्या वेळी प्रियकराला भेटायला जाते ती जागा म्हणजे संकेतस्थळ. इथे संकेत म्हणजे आधी ठरवलेली भेट. वेबसाइटला हा शब्द चिकटला आणि शृंगाराचा अर्थ मागे पडला. त्यामुळे ‘संकेतस्थळ-व्यवस्थापक’ हे पद जुन्या कवींना भलतंच वाटलं असतं.

खिळेजुळारी
‘वेबमास्तर’ का नको? मराठीने मास्टरचा मास्तर केव्हाच करून टाकलाय: पोस्टमास्तर, स्टेशनमास्तर, हेडमास्तर, बँडमास्तर, शिंप्याच्या दुकानातले कटिंगमास्तर. आणि इंग्रजी शब्दाची वाटही टपालातूनच येते. १९८२ च्या ईमेलच्या मानकात (आरएफसी ८२२) प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता हवाच, असं होतं. पत्र पोचलं नाही तर तक्रार कुणाकडे करायची, त्याची ती सोय. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये नेहमीच्या सेवांसाठी ठरावीक पत्त्यांची यादी आली. वेबसाठी वेबमास्टर, नावांच्या यंत्रणेसाठी होस्टमास्टर, गैरवापराच्या तक्रारींसाठी ॲब्यूज. म्हणजे ‘मास्टर’चा अर्थ धनी नाही, काही बिघडलं तर ज्याला विचारायचं तो.

आपला स्टेशनमास्तर तसाच. गाडी त्याच्या मालकीची नसते, तो ती चालवत नाही, रूळही टाकत नाही. पण सिग्नल आणि फलाट त्याच्या माथ्यावर. बाईमाणूस असेल तर काय, हा प्रश्नही रेल्वेने सोडवलाय. माटुंगा स्थानक २०१७ पासून महिला कर्मचारीच चालवतात आणि तिथे कुणाला ‘मास्तरीण’ म्हणावं लागत नाही.

रात्रपाळी
मास्तर बोलायला छान आहे, पण इंग्रजीत तो शब्द मावळतीला लागलाय. गूगलने ‘वेबमास्टर टूल्स’चं नाव २०१५ मध्ये ‘सर्च कन्सोल’ केलं. हे साधन वापरणारे सगळेच स्वतःला वेबमास्टर म्हणवत नाहीत, असं कारण दिलं होतं. दुकानदार, मांडणी करणारे, जाहिरातवाले, सगळेच ते उघडतात. पूर्वी एक माणूस करायचा त्या कामाची आज चार-पाच पदं झालीत. म्हणून शब्दाआधी कामं ठरवा. पत्रात ही तरी असावीत:

नाव आणि किल्ल्या. डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या नावाची, नोंद संस्थेच्या नावावर हवी, कर्मचाऱ्याच्या किंवा साइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे. नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये. मुदत संपली की साइटबरोबर ईमेलही बंद पडतं आणि नूतनीकरणाच्या सूचना जाणार त्या त्याच बंद पत्त्यावर. डॉट कॉमसारख्या नावांना मुदतीनंतर सवलतीचे जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात, पुढे ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी नाव खुलं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. सवलतीचे दिवस नोंदणीदार कंपनी कमीही ठेवते, तेव्हा ४५ गृहीत धरू नका.

प्रमाणपत्र, म्हणजे पत्त्याशेजारचं कुलूप. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते. तिचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि ३० दिवस उरले की आपोआप नवं घेण्याचा रिवाज आहे. हे अडतं ते बहुधा कुणीतरी ‘सुरक्षेसाठी’ पोर्ट ८०, म्हणजे सर्व्हरचं साध्या (बिनकुलपाच्या) वेबचं दार, बंद केल्यामुळे. तपासणीच्या एका प्रचलित पद्धतीला तेच दार लागतं. मुदत संपत आल्याची ईमेलं त्यांनी जून २०२५ पासून बंद केलीत, तेव्हा वेगळी गजरघंटा लावावी. विकतच्या प्रमाणपत्रांचीही कमाल मुदत घटतेय: ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. ‘वर्षातून एकदा बघू’ हे काम आता वर्षातून एकदाचं राहिलेलं नाही.

राखीव प्रत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यांवर, एक दुसऱ्या जागी. त्याच सर्व्हरवरच्या फोल्डरला राखीव प्रत म्हणू नये, डिस्क गेली की दोन्ही जातात. डेटाबेस घेतला आणि चित्रांचं फोल्डर विसरलं, ही नेहमीची चूक. तीन महिन्यांतून एकदा प्रत खरोखर दुसऱ्या जागी उभी करून पाहावी.

स्थलांतर. सर्व्हर बदलायचा तर डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीची टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ साठवून वापरायची तो आकडा) ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस, असू शकते. ती ३०० वर आणायची, पण बदलाच्या निदान २४ तास आधी. आयत्या वेळी कमी करून उपयोग नाही, कारण जुना आकडा आधीच जागोजागी साठलेला असतो. जुना सर्व्हर पुढे दोन-तीन दिवस चालू ठेवावा.

दुरुस्तीची पाटी. प्रत्येक पानासोबत सर्व्हर उत्तराचा एक आकडा पाठवतो. ‘काम चालू आहे’ हे पान २०० (‘सगळं ठीक’) या उत्तराने दिलं तर शोधयंत्र तेच खरं पान समजतं. ४०४ दिलं तर पान गेलंच म्हणून वगळतं. ५०३ (‘सेवा तूर्त बंद’) द्यावं, सोबत ‘पुन्हा केव्हा या’ ते सांगणारा रिट्राय-आफ्टर.

नोंदवह्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवह्या, १८० दिवस जपायचे. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी संस्था यांना हे लागू आहे. उबुंटू प्रणालीवर अपाचे किंवा इंजिनएक्स या वेबसर्व्हरांचे लॉग मूळ मांडणीत १४ दिवसच राहतात, ही तफावत हाताने भरून काढावी लागते. शिवाय सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. त्याच्या मध्यरात्री १२ ला लावलेलं निवेदन इथे पहाटे साडेपाचला झळकतं, आणि घटनेची वेळ कळवतानाही तेवढाच घोळ होतो.

खिळेजुळारी
मराठी साइट असेल तर आणखी एक कलम घाला: लिपीची राखण. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. म्हणून शोधपेटीत एक टंकला तर दुसरा सापडत नाही. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी एखादी आज्ञा तो अदृश्य जोडक उडवते आणि सह्याद्रीतल्या दऱ्यांचा थेट अरबी दर्या होतो. आचाऱ्यांचे आचार्य होतात ते असेच. साठवताना एकच रूप ठरवून घ्यावं, आणि शोधताना दोन्ही त्या रूपात आणून जुळवावेत.

वहिवाटदार
डेटाबेसबद्दल एक गैरसमज इथेच काढतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायला जुनी ‘यूटीएफ८’ पद्धत निवडली म्हणून देवनागरी बिघडत नाही. तिची अक्षरचिन्हं प्रत्येकी ३ बाइट घेतात आणि ती त्यात मावतात. बहुतेक इमोजी ४ बाइटचे असतात, अडतात ते. जिथे मराठीची सरसकट प्रश्नचिन्हं झालीत, तिथे तक्ता किंवा जोडणी ‘लॅटिन१’ या फक्त रोमन लिपीपुरत्या पद्धतीवर राहिलेली असते. आणि जे जतन होतानाच प्रश्नचिन्ह झालं, ते परत येत नाही.

शब्दाचं म्हणाल तर इमारतीचा हिशेब लावा. सदनिकाधारक मालक, सेक्रेटरी जबाबदार, पंपवाला यंत्रं बघतो, वॉचमन दार. संकेतस्थळालाही विश्वस्त, व्यवस्थापक, होस्टिंगवाला आणि फायरवॉल आहेतच. तुम्हाला पत्र द्यायचंय सेक्रेटरीला. कोकणातला ‘राखणदार’ शब्द मला मोहात पाडतो, पण राखणदार सीमा राखतो, गळकं छप्पर शाकारत नाही.

मोडीवाचक
‘ग्रंथपाल’च्या चालीवर ‘स्थळपाल’ सुचवणार होतो. पण स्थळ म्हटलं की लग्नाचं आठवतं, आणि संकेताच्या जोडीला ते नकोच. मराठी माणूस ‘साइट कोण सांभाळतं?’ असं विचारतो. सांभाळण्याला सगळ्यात जवळचं नाम व्यवस्थापकच. केंद्राच्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही ‘वेब इन्फर्मेशन मॅनेजर’ हे पद आहे, त्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो.

मात्र मजकुराची जबाबदारी वेगळी काढा. चुकीचं छापलं तर संपादक, पान उघडलं नाही तर व्यवस्थापक. दोन्ही एकाच माणसाकडे असली तरी पत्रात दोन कलमं करा.

गिरगावकर
मग असं लिहितो: “आपली ‘संकेत स्थळ व्यवस्थापक’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. डोमेन, प्रमाणपत्रे, राखीव प्रती व नोंदवह्या यांची जबाबदारी आपली राहील. सर्व खाती न्यासाच्या नावे असतील व पद सोडताना पासवर्डांची यादी सचिवांकडे लेखी सुपूर्द करावी लागेल.” बोलताना वेबमास्तर म्हणायला हरकत नसावी.

रात्रपाळी
पासवर्डांची यादी कागदावर नको. पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमधली (पासवर्ड मॅनेजर) खाती हस्तांतरित करायची आणि त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायचे. दुपदरी पडताळणीचा मोबाइल क्रमांकही संस्थेचाच हवा, नाहीतर पासवर्ड मिळूनही ओटीपी जाणाऱ्याच्या खिशात वाजत राहतो.

खिळेजुळारी
आणि ‘संकेत स्थळ’ नव्हे. सामासिक शब्द आहे, जोडून लिहा: संकेतस्थळ.