जिल्हा कारागृहाची कंट्रोल रूम: ९६ कॅमेरे, शिफ्टला दोन माणसं. पडद्यावर नेमकं काय आणि कधी बघायचं?

तटालगत यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जिल्हा कारागृहाची कंट्रोल रूम आहे. ९६ आयपी कॅमेरे, सगळे २ मेगापिक्सेल. ३२ चॅनेलचे ३ एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी यंत्रं), प्रत्येकात ६ टीबीच्या ८ डिस्क. भिंतीवर ५५ इंची ६ पडदे, एकेका पडद्यावर १६ चौकटी. शिफ्टला एक हवालदार, एक शिपाई.

अडचणी अशा:

१. सगळं दिसतं, पण लक्षात काहीच येत नाही. तटावरून पाकीट आत पडतं, ते सकाळच्या झडतीत सापडतं. पडद्यावर कुणी पाहिलेलं नसतं.
२. ठेकेदाराने ३० दिवसांचं रेकॉर्डिंग सांगितलं होतं. २६ दिवसांच्या मागे काही मिळत नाही.
३. टॉवर ३ कडचे चार-पाच कॅमेरे अंधार पडला की जातात. थोड्या वेळाने येतात, पुन्हा जातात. दिवसभर ठणठणीत.
४. कोर्टाला पेनड्राइव्हवर फुटेज दिलं, ते प्रमाणपत्र नाही म्हणून परत आलं.

माणसं वाढणार नाहीत हे धरूनच सांगा.

---

सुभेदार_निवृत्त यांचं उत्तर:

९६ चौकटी एकदम मांडल्या तिथेच घोळ झालाय. हिशोब करून बघा. बरॅकच्या कॅमेऱ्यात समजा २० मीटर रुंदी येते. १९२० पिक्सेल भागिले २०, म्हणजे मीटरला ९६. तेच चित्र १६ चौकटींच्या पडद्यावर ४८० पिक्सेल रुंदीचं होतं, म्हणजे मीटरला २४. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत ‘माणूस आहे’ एवढं कळायला मीटरला २५ पिक्सेल धरलेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. तुमच्या भिंतीवर माणूस आहे एवढंसुद्धा जेमतेम कळतं. पाकीट कुठून दिसणार?

पडदे कॅमेऱ्यांच्या क्रमाने लावू नका, जेलच्या दिवसाप्रमाणे लावा. कुठल्याही व्हीएमएसमध्ये (कॅमेरे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) मांडण्या साठवता येतात. निदान सहा करा: बंदी उघडताना (सकाळी बरॅकची कुलपं काढताना), कोर्ट पार्टी (कोर्टात न्यायचे कैदी) निघताना आणि परतताना, मुलाकात, दुपारची बंदी, संध्याकाळची मोजणी आणि टाळेबंदी, रात्र. प्रत्येक मांडणीत तीन पडद्यांवर चार-चार मोठ्या चौकटी, दोन पडद्यांवर नऊ-नऊ. सहावा रिकामा ठेवायचा. हो, रिकामाच. काही घडलं की ते चित्र तिथे मोठं करायचं आणि बाकीची मांडणी हलवायची नाही. कॅमेरा मोठा करायला गेलं की दुसरं काहीतरी झाकलं जातं, आणि नेमकं तिथेच घडतं.

म्हणजे एका वेळी ३० कॅमेरे समोर. बाकीचे ६६ रेकॉर्ड होतातच. ते ‘बघत नाही’ हे मान्य करून लेखी ठेवा. सगळे बघतो असं नोंदवहीत लिहिणं चौकशीत जास्त महाग पडतं.

पाकिटांचं. तटाचा कॅमेरा मैदानाकडे तोंड करून असेल तर काही उपयोग नाही, तो भिंतीला समांतर, भिंतीच्या कडेकडेने बघायला हवा. सेलोटेप गुंडाळलेला चेंडू हवेत सेकंद-दोन सेकंद असतो, तो नजरेने पकडायची अपेक्षाच ठेवू नका. भिंतीच्या आतला चार-पाच मीटरचा पट्टा रेषा-ओलांडणीच्या अलार्मवर टाका आणि बंदी उघडायच्या आधी रात्रीचे अलार्म एकेक करून बघा. त्याच वेळी तटालगत पायी फेरी झालीच पाहिजे. बंदी उघडल्यावर फेरी काढली तर तोवर पाकीट बरॅकमध्ये पोचलेलं असतं.

पडद्यासमोर सलग बसवू नका. रडारवाल्यांच्या कामासाठी मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थने केलेले प्रयोग १९४८ मध्ये छापून आले, त्यात पहिल्या अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते असं दिसलं होतं. दोघे असाल तर दर ३० मिनिटांनी अदलाबदल: एक पडदे, दुसरा वायरलेस, फोन, नोंदवही. रात्री २ ते ५ मध्ये २० मिनिटं करा. बदलताना तोंडी सोपवायचं: कुठलं बरॅक अस्वस्थ आहे, कुणावर विशेष नजर आहे, कुठला कॅमेरा गेलाय.

कॅमेऱ्यांची नावं बदला. ‘कॅम ०४७’ असं वायरलेसवर ओरडलात तर कुणीही हलणार नाही. ‘सर्कल २, बरॅक ५, आतलं दार’ असं नाव पडद्यावर दिसलं पाहिजे आणि तेच वायरलेसवर बोललं गेलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रात्री बरॅक तुरुंगाधिकाऱ्याशिवाय उघडत नाहीत. म्हणजे आत कुणी गळफास घेताना दिसलं आणि तुम्ही फक्त बरॅकच्या पहाऱ्याला कळवलं, तर तो गजाबाहेर उभा राहून बघत बसेल. अशा वेळी चार-पाच मिनिटांत सगळं संपतं. म्हणून एक जण पहाऱ्याला आणि दुसरा त्याच क्षणी रात्रपाळीच्या तुरुंगाधिकाऱ्याला, चावीसकट. एकाला सांगून मग दुसऱ्याला नाही. महिन्यातून एकदा घड्याळ लावून सराव घ्या: पडद्यावर दिसल्यापासून कुलूप उघडेपर्यंत किती वेळ. आकडा साहेबांपुढे ठेवा. माणसं वाढवून मागायला तेवढा एकच कागद कामाला येतो.

---

केबलवाला यांचं उत्तर:

दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीचं बोलतो.

२६ दिवस कसे आले? बिटरेट म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो. १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) म्हणजे दिवसाला १०.८ जीबी. तुमचे कॅमेरे बहुतेक ४ एमबीपीएसच्या ठरावीक बिटरेटवर आहेत. ३२ × ४ = १२८, गुणिले १०.८ म्हणजे दिवसाला साधारण १.३८ टीबी. ८ डिस्कचे ४८ टीबी, पण रेड ६ मध्ये (डिस्क बिघडली तरी रेकॉर्डिंग वाचावं म्हणून केलेली जोडणी) दोन डिस्क सुरक्षेला जातात, उरले ३६. भागाकार २६. ठेकेदाराने रेड ५, म्हणजे एकच डिस्क सुरक्षेला, धरून ४२ टीबी मोजले, म्हणून त्याचे ३० झाले. खोटं नाही बोलला, पण लावलं वेगळंच.

रेड ६ काढू नका. मोठी डिस्क पुन्हा भरायला दिवस-दीड दिवस लागतो, तेवढ्यात दुसरी गेली तर रेड ५ मध्ये सगळंच जातं. बिटरेट उतरवा. एच.२६५ (चित्र जास्त दाबून साठवण्याची पद्धत), बदलता बिटरेट, २ एमबीपीएसची कमाल मर्यादा, सेकंदाला १५ फ्रेम, हे कॉरिडॉर आणि मैदानाला पुरतं. मेन गेट, झडतीची जागा, मुलाकात, दवाखाना ४ वरच ठेवा. एका एनव्हीआरवर २४ कॅमेरे २ वर आणि ८ कॅमेरे ४ वर धरले तर ८० एमबीपीएस, दिवसाला ८६४ जीबी, म्हणजे ४१ दिवस. एक रुपया खर्च नाही.

हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, हा पर्याय कुणीतरी सुचवेलच. जेलमध्ये नको. निपचित पडलेला माणूस हालचाल करत नाही, आणि नेमक्या त्या वेळचं फुटेज नसलं की ते पुसलं असंच सगळे धरतात.

टॉवर ३ ची गोष्ट सरळ आहे, पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारी पेटी) पुरत नाहीये. बुलेट कॅमेरा दिवसा ७ वॅट घेतो, अंधारात आयआर (इन्फ्रारेड दिवा) लागला की १२-१३. १६ कॅमेरे × ७ = ११२, रात्री १६ × १२.५ = २००. स्विचवर एकूण वीज बघा, १९० वॅट लिहिलं असेल तर तोच चोर. मर्यादा ओलांडली की स्विच कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करतो, भार उतरला की परत चालू, पुन्हा बंद. मोठ्या वॅटचा स्विच घ्या किंवा कॅमेरे दोन स्विचवर वाटा. बरोबर लांबीही मोजा. तांब्याची केबल १०० मीटरच्या आत हवी. टॉवरपर्यंत फायबर न्या, पावसाळ्यात वीज पडली की तांब्यातून झटका थेट एनव्हीआरपर्यंत येतो.

यूपीएस फक्त कंट्रोल रूमला असतो, बाहेरच्या पेटीतल्या स्विचला विसरतात. जनरेटर लागेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात कॅमेरे जातात आणि पडद्यावर शेवटचं चित्र गोठून राहतं. पाहणाऱ्याला वाटतं सगळं शांत आहे. म्हणून चित्रावरचे सेकंद पळतायत का ते बघायची सवय लावा.

घड्याळ: बरेच कॅमेरे कारखान्यातून जीएमटी अधिक ८ वर येतात, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. एनव्हीआर दुरुस्त होतो, कॅमेऱ्यावरचा छापील वेळ तसाच राहतो. जेलचं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलं असतं (तसंच असावं), त्यामुळे वेळ आपोआप जुळत नाही. रोज सेकंद-दोन सेकंद धरले तरी महिन्यात मिनिटभर फरक पडतो. जीपीएसवर चालणारा छोटा टाइम सर्व्हर बसवा. तो नसेल तर एक एनव्हीआर प्रमुख धरा, बाकी सगळे त्याच्याकडून वेळ घेतील असं लावा आणि दर सोमवारी तो एकच हाताने मिळवा.

बारीकसारीक: कोळ्याचं जाळं आयआरमध्ये पांढरंफेक दिसतं आणि रात्रभर खोटे अलार्म देतं. महिन्याला लांब दांड्याचा ब्रश फिरवा. २६ जानेवारीच्या आधीच्या रंगकामानंतर प्रत्येक डोम तपासा, चुन्याचे शिंतोडे असतातच.

---

कलम_त्रेसष्ट यांचं उत्तर:

चौथ्या मुद्द्याला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी कलम ६३. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: भाग अ यंत्रणेचा ताबा असलेल्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्हीत हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) लिहावं लागतं आणि ते कुठल्या पद्धतीने काढलं तेही, म्हणजे एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ वगैरे. प्रमाणपत्र का लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलंय. आपल्या जालन्याच्या निवडणुकीचाच तो वाद.

करायचं असं: मूळ स्वरूपातली फाइल आणि तिचा प्लेअर काढा, सोबत सोयीसाठी एमपी-४. घटनेच्या आधीची आणि नंतरची निदान १५ मिनिटं घ्या. फाइल निघाल्या निघाल्या, कुठेही कॉपी करण्याआधी हॅश काढा. एनव्हीआरचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा किती सेकंद मागे-पुढे आहे ते पंचनाम्यात लिहा. हा फरक लिहिला नाही म्हणून उलटतपासणीत फजिती होते, फरक असल्यामुळे नाही. दोन प्रती, एक मोहोरबंद.

किती दिवस ठेवायचं? कारागृहांत सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातल्या २०१५ च्या निकालात आले. १८ महिन्यांचा जो आकडा सगळे सांगतात तो परमवीर सिंग सैनी प्रकरणातला, २ डिसेंबर २०२० चा, आणि तो पोलीस ठाणी व तपास यंत्रणांसाठी आहे. मात्र कोठडीत मृत्यू झाला की मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवायचं असतं आणि न्यायदंडाधिकारी चौकशी लागते. तुमचे ४१ दिवस त्या चौकशीला पुरणार नाहीत. म्हणून मृत्यू, मारहाण, पलायन, आत मोबाईल सापडणं, यातलं काहीही झालं की त्याच शिफ्टमध्ये संबंधित कॅमेऱ्यांचं फुटेज लॉक करा आणि बाहेर काढा. कुणी मागायची वाट बघू नका.

---

पहारा_ब यांचं उत्तर:

वरच्यांनी सोडलेल्या दोन गोष्टी. महिला विभागाचे कॅमेरे सामायिक भिंतीवर नकोत. वेगळा पडदा, वेगळा पासवर्ड, महिला कर्मचारी. कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला ८१ वा नियम महिला बंद्यांची देखरेख महिलांकडेच ठेवायला सांगतो. बरॅकमधल्या अर्ध्या भिंतीच्या शौचालयावर प्रायव्हसी मास्क (चित्राचा तेवढा भाग झाकणारा चौकोन) टाका, पण तो कॅमेऱ्यातच टाका. एनव्हीआरवर टाकलेला मास्क काही सॉफ्टवेअरमध्ये पाहणारा काढू शकतो.

दुसरं, वकिलाच्या मुलाकातीच्या कॅमेऱ्याचा माइक बंद हवा. दिसलं पाहिजे, ऐकू येता कामा नये.

---

तटालगत:

आभार सगळ्यांचे. स्विच बघितला, १९० वॅटच आहे. एक शंका: कंट्रोल रूमच्या पीसीला इंटरनेट नाही आणि नवं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही. मग हॅश कसा काढायचा?

---

कलम_त्रेसष्ट:

विंडोज असेल तर काहीच टाकायला नको, सर्टयुटिल ही आज्ञा त्यात आधीपासून असते. कमांड विंडो उघडून तिच्यापुढे हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ लिहा. ६४ अक्षरांची ओळ येते. हाताने उतरवू नका, ३ आणि ८ ची गल्लत होते. मजकूर फाइलमध्ये घ्या, छापा आणि त्या कागदावर दोन्ही पंचांच्या सह्या घ्या.