स्वस्त, पण कोणाला?
क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले दुसऱ्या कंपनीचे कॉम्प्युटर. 'क्लाउड म्हणजे स्वस्तच' असं म्हटलं जातं, ते सुरुवातीपुरतं पटतं. सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतो, धंदा चालला नाही तर बंद करून मोकळे. पण सर्व्हरवरचा भार मोठा आणि रोजचा ठरलेला असेल तर गणित उलटतं. लोकांच्या फाइली ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सचंच बघा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर वाढलेली ही कंपनी, पण २०१६ पर्यंत तिने लोकांच्या बहुतेक फाइली स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्या. २०१८ला शेअर बाजारात येतानाच्या कागदपत्रांत दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचल्याचं नमूद आहे. अर्थात तसले इंजिनिअर पदरी असतील तरच हा उद्योग करावा!

आमच्या छोट्या ऑफिसात चाचणीपुरता घेतलेला सर्व्हर दिवाळीच्या सुट्टीत चालूच राहिला. बिल बघून उरलेला फराळ घशाखाली उतरेना.