मदत हवी आहे: आल्जिनेटच्या कणांतून नायसिन बाहेर पडत नाही

नमस्कार. अन्नतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवर वाढवलेल्या लिस्टेरिया या जिवाणूच्या बायोफिल्मवर (पृष्ठभागाला चिकटून वाढलेल्या जिवाणूंच्या थरावर) नायसिन या जिवाणूनाशक अन्नपरिरक्षकाचा परिणाम तपासत आहे. आमच्या प्रयोगशाळेत रोगकारक प्रजाती हाताळण्याची सोय नसल्यामुळे मी तिच्याऐवजी निरुपद्रवी लिस्टेरिया इनोकुआ वापरतो.

नायसिन हे 34 अमिनो आम्लांचे पेप्टाइड पेशीभित्तिका बांधायला लागणाऱ्या लिपिड-2 या रेणूला चिकटून जिवाणूच्या पेशीपटलाला छिद्रे पाडते. परंतु दुधातील स्निग्धांश त्याला अडकवून ठेवतो आणि उदासीन सामूला त्याची विद्राव्यता बरीच घटते. म्हणूनच त्याला संरक्षण मिळावे आणि ते सावकाश सुटावे या हेतूने मी ते कॅल्शियम क्लोराइडने घट्ट केलेल्या आल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, जेल बनवणाऱ्या पदार्थाच्या) कणांत बंदिस्त केले.

अडचण अशी आहे की मोकळे नायसिन द्रवात तरंगणाऱ्या पेशी सहज मारते, पण हे कण बायोफिल्मवर 24 तास ठेवूनही जिवंत पेशींची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. धनभारित नायसिन ऋणभारित आल्जिनेटला घट्ट धरून बसत असावे, अशी मला दाट शंका आहे.

अशा वेळी कायटोसानचे (कायटिनपासून बनवलेल्या धनभारित बहुशर्करेचे) आवरण देऊन उपयोग होईल, की लायपोसोमकडेच (लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांकडेच) वळावे? कायटोसानला स्वतःचाच जिवाणूरोधक गुण असल्याने रिकाम्या कणांची तुलना कशी मांडावी, हेही कृपया सांगावे. शिवाय पेशी मोजण्यापूर्वी पट्टीवर उरलेल्या नायसिनची क्रिया आपण कशी थांबवता? प्रत्यक्ष काम केलेल्यांचा अनुभव मला फार मोलाचा वाटेल.