मदत हवी आहे: न्यू सुपर मारिओ ब्रॉस. यू डिलक्समध्ये तिघांनी एकत्र खेळताना ढकलाढकली कशी टाळायची?

निन्टेन्डो स्विच, तीन खेळाडू: एक मोठा, एक नऊ वर्षांचा, एक सहा वर्षांची. धाकटीला नॅबिट हे पात्र दिलंय. शत्रूंनी नॅबिटला काही होत नाही, पण खड्ड्यात आणि लाव्हात तोही जातोच, आणि बहुतेक जीव तिथेच जातात.

खरी अडचण शत्रूंची नाहीच. या गेममध्ये खेळाडू एकमेकांवर आदळतात. अरुंद, सरकत्या फळीवर दोघे एकदम उतरले की मागचा पुढच्याच्या डोक्यावर आपटून उसळतो आणि पुढचा खाली पडतो. फ्रॉस्टेड ग्लेशियर या बर्फाळ जगातल्या निसरड्या बर्फावर तर हे फारच होतं. त्यात आडवा धरलेला जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) हिसकला गेला आणि पळायचं बटण दाबलेलं असलं, की शेजारचाच उचलला जातो.

सध्याचा उपाय असा: अवघड उडीआधी मुलांनी बबलमध्ये, म्हणजे तरंगत्या सुरक्षित बुडबुड्यात जायचं, मोठ्याने पलीकडे पोचून बबल फोडायचा. स्वतःहून बबलमध्ये गेलं तर जीव जात नाही. पण सगळे एकदम बबलमध्ये गेले की लेव्हल तिथेच संपते, त्यामुळे मोठा पडून चालत नाही.

जाणकारांनी सांगावं:
जॉय-कॉन हलवल्यावर होणारी गिरकी बंद करता येते का? नाहीतर प्रो कंट्रोलर घेतल्याने हा त्रास कमी होतो का?
लेव्हलमधली तिन्ही स्टार कॉइन (मोठी खास नाणी) घेताना मुलांना कुठे थांबवता?
आणि सुपर मारिओ ब्रॉस. वंडरमध्ये खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत, मग सहा वर्षांच्या मुलीसाठी आधी तोच घ्यावा का?