हलकं काम: चिठ्ठीत नेमकं काय हवं

कारखान्यात प्रेस मशीनवर डाव्या हाताची बोटं चेमटलेल्या ऑपरेटरला जखम पूर्ण भरण्याआधी हलक्या कामावर घ्यावं का, हा प्रश्न. जरूर घ्यावं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं 'हलकं काम' लिहिलं असेल तर ती परत पाठवा. किती किलोपर्यंत उचलायचं, कोणता हात वापरायचा नाही, सलग किती वेळ उभं राहायचं, पुढची तपासणी कधी, हे सगळं लेखी हवं. टाके असताना गेज (माप तपासायचं साधन) लावून पार्ट तपासणं सोपं वाटतं. पण पार्ट तेलकट असले की ड्रेसिंग भिजतं आणि जखम चिघळते. त्यापेक्षा टूलरूमची (हत्यारं-साचे ठेवायच्या खोलीची) नोंदवही किंवा जॉब कार्ड (कामाच्या नोंदीचं कार्ड) भरायला द्या.

घोळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत होतो. माणूस कमी पडला की सुपरवायझर त्यालाच मशीनवर उभा करतो. चिठ्ठीची प्रत प्रत्येक पाळीच्या सुपरवायझरला सही घेऊन द्या.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं मात्र नीट बघा. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के असतो, पण ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा तो मिळत नाही. म्हणून हलक्या कामालाही पगार पूर्णच द्या. अर्ध्या पगारावर बोलावलंत तर तो घरी बसून मिळालं असतं त्याहून कमी घेऊन जाईल.